डोंगरगावातली दुसरी नोकरी

वळसंग हे सोलापूर-अक्कलकोट रस्त्यावरचं, दक्षिण सोलापूर तालुक्यातलं गाव. सपाट रान, शिवारात ज्वारी आणि तूर, कानावर मराठीइतकीच कन्नड, उन्हाळ्यात चाळिशी ओलांडलेला पारा. इथल्या माणसाला थंड हवेचा डोंगर पाहायचा तर एसटीत दिवस घालवावा लागतो. तरीही शिकलेल्या माणसाने डोंगरगावात बिऱ्हाड करायचं आणि आपल्या शिक्षणाला साजेसं काम तिथे मिळवायचं म्हणजे काय, हा प्रश्न वळसंगहून फार स्पष्ट दिसतो. सोलापूर जिल्ह्यातली मुलंमुली कित्येक वर्षं नोकरीसाठी डोंगरात जात आली आहेत. कुणी डी.एड. करून रत्नागिरी-सिंधुदुर्गातल्या किंवा जव्हार-मोखाड्यातल्या जिल्हा परिषद शाळेवर, कुणी बी.ए.एम.एस. होऊन आदिवासी भागातल्या वैद्यकीय भरारी पथकात, कुणी कृषी पदविका घेऊन संशोधन केंद्रावर. त्यांच्या घरी लग्नाची बोलणी सुरू झाली की पहिल्या नोकरीबद्दल कुणी फारसं विचारत नाही, कारण तिचा आदेश हातात असतो. अडतं ते दुसऱ्या नोकरीपाशी. मुलगा तिकडे आहे, मग मुलगी काय करणार? मुलीला तिकडे नेमणूक मिळाली, मग जावईबापू कुठे राहणार?

सपाटीवरच्या गावांनी हा प्रश्न अप-डाउनने सोडवला. वळसंगच्या आरोग्य केंद्रात किंवा शाळेत नेमणूक झालेला माणूस सोलापुरात राहून रोज येऊ शकतो, आणि वळसंगमध्ये राहणारी बी.कॉम. झालेली सून सोलापुरातल्या पतसंस्थेत नोकरी करून संध्याकाळी घरी परतू शकते. मध्ये एक बस असते आणि ती बहुधा चुकत नाही. नवऱ्याचं काम एका गावात, बायकोचं दुसऱ्या गावात, आणि चूल एकच. महाराष्ट्रातल्या निमशहरी मध्यमवर्गाचा संसार या बसच्या वेळापत्रकावर उभा आहे.

डोंगरात ही बस तुटते. महाबळेश्वर ते सातारा हे अंतर नकाशावर पन्नास-पंचावन्न किलोमीटरचं, पण त्यात घाट आहे, धुकं आहे आणि जून ते सप्टेंबर पाऊस आहे. सोलापुरात वर्षाला सरासरी साडेपाचशे मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो. जुलै 2021 मध्ये महाबळेश्वरात एका दिवसात, चोवीस तासांत, 594 मिलिमीटर पडला. आमच्याकडे जितकं पाणी वर्षभर आभाळाकडे डोळे लावून मागतो तितकं तिथे एका रात्री आणि एका दिवसात कोसळलं. पोलादपूरकडे उतरणारा आंबेनळी घाट त्या पावसात जागोजागी खचला. अशा ठिकाणी रोज वर-खाली करून दुसरी नोकरी टिकवता येत नाही. ती तिथेच मिळवावी लागते, नाहीतर सोडावी लागते.

मग तिथे काम असतं तरी कोणतं? हॉटेल, लॉज आणि दुकान हे पर्यटकाला दिसणारं उत्तर आहे. डोंगराने आपल्या हवेच्या जोरावर जी कामं वर ओढून घेतली ती सहसा दिसत नाहीत, आणि मला जास्त महत्त्वाची वाटतात ती तीच. महाबळेश्वरला महात्मा फुले कृषी विद्यापीठाचं गव्हाच्या गेरव्यावर, म्हणजे तांबेऱ्यावर, काम करणारं संशोधन केंद्र आहे. गेरवा ही बुरशी. सपाटीवरच्या उन्हाळ्यात ती जगत नाही. थंड डोंगरात मात्र ती जिवंत ठेवता येते आणि गव्हाचा कोणता वाण तिच्यापुढे टिकतो ते पडताळता येतं. सोलापूरकरांनी इथे थोडं थांबावं, कारण 1933 साली सुरू झालेलं आपल्या शहरातलं कोरडवाहू शेती संशोधन केंद्रही त्याच विद्यापीठाच्या छत्राखाली येतं. एकाच आस्थापनेवरचा कर्मचारी जमिनीत ओल कशी टिकवावी याचा अभ्यास करता करता बदलीने राज्यातल्या सर्वांत ओल्या जागांपैकी एकीवर जाऊन पोहोचू शकतो. पुण्याच्या उष्णदेशीय हवामान संस्थेने 2012 मध्ये ढगांच्या भौतिकीची प्रयोगशाळा महाबळेश्वरलाच उभारली, कारण तिथे पावसाळ्यात ढग स्वतःच उपकरणापाशी येतो. खादी व ग्रामोद्योग मंडळाचं मध संचालनालय तिथलंच, आणि शेजारचं मांघर 2022 मध्ये देशातलं पहिलं मधाचं गाव म्हणून जाहीर झालं. कीटकशास्त्र, वनस्पतिशास्त्र, अन्नप्रक्रिया शिकलेल्यांना इथे खरं काम आहे. जागा मात्र मोजक्याच. एखादा निवृत्त झाला की एक रिकामी होते, आणि कधीकधी ती भरायलाच वेळ लागतो. ज्याला ती मिळते त्याच्या जोडीदाराला त्याच वर्षी त्याच गावात जागा मिळेल, असा योग क्वचितच येतो.

पाचगणीने याचं एक उत्तर फार आधी शोधलं, आणि त्याबद्दल मला त्या गावाचं मनापासून कौतुक वाटतं. पाचगणीची वस्ती आरोग्यासाठी आणि शिक्षणासाठी वाढली. डॉ. बिलिमोरियांनी क्षयरोग्यांसाठी काढलेलं बेल-एअर पुढे रेड क्रॉसकडे आलं आणि आज तिथे रुग्णालयाबरोबर परिचारिकांचं महाविद्यालय आहे. संजीवन विद्यालय 1922 चं. त्याच्याही आधीच्या मिशनरी आणि पारशी निवासी शाळा आहेत. निवासी शाळेला नुसता गणिताचा शिक्षक पुरत नाही. तिला वसतिगृह सांभाळणारं माणूस लागतं, परिचारिका, ग्रंथपाल, हिशेबनीस, संगीत शिक्षक लागतात, भटारखान्यावर देखरेख करणारंही कुणी लागतं, आणि ही सगळी माणसं आवारातच राहिलेली बरी असतात. म्हणून अशा शाळांना नवरा-बायको दोघंही कामाचे वाटतात. एक वर्गात, दुसरं वसतिगृहात. क्वार्टर शाळेचं, जेवण मेसमध्ये, मुलांच्या फीमध्ये सवलत. पगार शहरातल्यापेक्षा कमी असला तरी घरभाडं आणि किराणा वजा केला की हाती राहणारी रक्कम लहान नसते. या रचनेची किंमतही आहे. नोकरी सुटली तर त्याच महिन्यात घरही सुटतं, आणि मालक, घरमालक व मुलांचे मुख्याध्यापक हे सगळं एकच माणूस असतं. म्हणून काही जण पहिल्यापासूनच वाईत खोली घेतात आणि रोज पसरणीचा घाट चढतात. पण अप-डाउनची ही सोय पाचगणीला आहे ती वाई पायथ्याशी असल्यामुळे. मेळघाटात चिखलदऱ्याला किंवा धारणीच्या पलीकडे तितकं जवळ काही नाही.

सोलापूर भागातून डोंगरात जाणाऱ्यांत मोठा हिस्सा शिक्षकांचा, आणि त्यांचं आयुष्य ज्या कागदावर ठरतं तो बदलीचा शासन निर्णय. 27 फेब्रुवारी 2017 च्या निर्णयाने जिल्हा परिषद शिक्षकांच्या जिल्ह्यांतर्गत बदल्यांची नवी चौकट आली. शाळांची विभागणी सर्वसाधारण क्षेत्र आणि अवघड क्षेत्र अशी झाली. अवघड ठरवण्याच्या निकषांत डोंगरी प्रदेश, दोन हजार मिलिमीटरपेक्षा जास्त पाऊस, वन्य प्राण्यांचा उपद्रव, रस्त्याची आणि फोनच्या रेंजची अडचण अशा गोष्टी पुढे आल्या. अवघड क्षेत्रात तीन वर्षं काढली की खाली येण्यासाठी बदली मागण्याचा अधिकार मिळतो. पती-पत्नी एकत्रीकरणाचा वेगळा संवर्ग आहे: दोघांच्या कामाच्या ठिकाणांत तीस किलोमीटरपेक्षा जास्त अंतर असेल तर जवळ येण्यासाठी प्राधान्य. हा संवर्ग हजारो घरांसाठी आधार ठरला आहे आणि तो असायलाच हवा.

पण त्याची मेख जोडीदाराच्या नोकरीत आहे. एकत्रीकरण मागायचं तर जोडीदारही जिल्हा परिषदेत, राज्य किंवा केंद्र सरकारात, स्थानिक संस्थेत, सार्वजनिक उपक्रमात किंवा अनुदानित संस्थेत हवा. जोडीदार खासगी कंपनीत असेल, स्वतःचा दवाखाना चालवत असेल, वकिली करत असेल, विनाअनुदानित शाळेत शिकवत असेल, तर नियमाच्या लेखी तो घरीच बसलेला आहे. शासकीय नोकऱ्या घटत गेल्या, शिकलेल्या जोडप्यांत एक सरकारी आणि एक खासगी अशा जोड्या वाढत गेल्या. नियम मात्र दोघंही सरकारी असल्याचं धरून चालतो. ज्याचा जोडीदार पगारपत्रकावर नाही अशा शिक्षकापुढे दोनच वाटा उरतात. कुटुंब गावी ठेवून एकट्याने खोली करायची आणि दिवाळी-मे महिन्यात घरी यायचं, किंवा जोडीदाराचं काम थांबवून दोघांनी वर जायचं. दुसऱ्या वाटेवर काम थांबतं ते बहुतेक वेळा बाईचं. एम.एस्सी. झालेली बाई तीन वर्षांसाठी म्हणून जाते आणि परत येते तेव्हा मधल्या काळाचं तिच्याकडे कुठलंच अनुभव प्रमाणपत्र नसतं.

सुरुवातीच्या वर्षांतल्या पैशाचाही विचार करावा लागतो. नवा शिक्षक तीन वर्षं शिक्षणसेवक असतो. प्राथमिकच्या शिक्षणसेवकाला 2023 पर्यंत महिना सहा हजार रुपये मानधन होतं, मग ते सोळा हजार झालं. भरारी पथकातल्या डॉक्टरांना 2021 पर्यंत चोवीस हजार मिळत आणि त्यानंतर चाळीस हजार ठरले, तेही मानधनच. ज्या कुटुंबाची एक मिळकत मानधनावर आहे त्याला दुसरी मिळकत सोडणं परवडत नाही. म्हणजे डोंगरात माणूस टिकत नाही याचं खापर त्याच्या तयारीवर फोडण्याआधी त्याच्या घरचं महिन्याचं गणित बघायला हवं. एम.बी.बी.एस. झालेल्यांवर एक वर्षाच्या ग्रामीण सेवेचं बंधपत्र आहे आणि ते मोडलं तर दहा लाखांचा दंड आहे. दंडाच्या धाकाने वर्ष निघतं. संसार त्याने मांडला जात नाही.

नोकरी आणि पगार ठरला तरी खोली मिळायची राहते. महाबळेश्वर-पाचगणी परिसर 2001 पासून पर्यावरणीयदृष्ट्या संवेदनशील क्षेत्र आहे, माथेरान 2003 पासून. तिथे बांधकामावर निर्बंध आहेत आणि ते असणं योग्यच आहे. त्याचा एक परिणाम असा की आहे त्या खोल्यांना पर्यटकांकडून एका रात्रीचं जे भाडं मिळतं ते शिक्षकाच्या किंवा परिचारिकेच्या महिन्याच्या भाड्याशी स्पर्धा करतं. जुलैत सहज मिळालेली खोली ऑक्टोबरात रिकामी करून मागितली जाते.

आणि खोली मागताना आडनाव विचारलं जातं. वळसंगच्या माणसाने हे सांगितलंच पाहिजे. सार्वजनिक पाणवठ्यावर पाणी मिळत नाही म्हणून आमच्या गावातल्या दलित समाजाने स्वतः विहीर खणली आणि 1937 साली डॉ. बाबासाहेब आंबेडकर तिच्या उद्घाटनाला वळसंगला आले. ती विहीर गाव आजही जपतं. त्याच बाबासाहेबांनी नोकरीसाठी परगावी बिऱ्हाड करण्याचा अनुभव त्याच्या वीस वर्षं आधी घेतला होता. न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात आणि लंडनमध्ये शिकून आलेला हा माणूस 1917 मध्ये बडोदा संस्थानच्या सेवेत रुजू व्हायला गेला. नोकरी पक्की होती आणि ती महाराजांच्या दरबारातली होती. राहायला जागा मात्र कुणी देईना. एका पारशी सराईत नाव लपवून काही दिवस काढले. ते उघडकीला आलं तेव्हा लाठ्या घेतलेले लोक दारात उभे राहिले. ओळखीच्यांकडे विचारून झालं, बागेत बसून दिवस संपला, आणि रात्रीच्या गाडीने ते मुंबईला परतले. बडोद्याची नोकरी तिथेच संपली. ती सुटली ती खोलीपायी, पात्रतेत काहीच कमी नसताना.

हे शंभर वर्षांपूर्वीचं म्हणून बाजूला ठेवता येत नाही. लहान गावात सगळे सगळ्यांना ओळखतात, आणि नव्या माणसाची ओळख पटवण्याची सर्वांत जुनी रीत आडनाव विचारणं हीच आहे. म्हणून माझं ठाम मत असं की डोंगरगावातल्या नगरपालिकांनी आणि आरोग्य विभागाने डॉक्टर, शिक्षक, परिचारिका, अभियंते यांच्यासाठी राहण्याजोगी क्वार्टरं बांधून ठेवावीत. मुख्यालयी राहण्याची सक्ती करणारी परिपत्रकं भरपूर निघतात. मुख्यालयात घर आहे का, हे आधी पाहिलं जात नाही.

दुसऱ्या नोकरीचा प्रश्न काही जोडप्यांनी वेगळ्या रीतीने सोडवला. मेळघाटातल्या बैरागडचे डॉ. रवींद्र आणि डॉ. स्मिता कोल्हे हे त्यातले सर्वांत परिचित. रवींद्र कोल्हे नागपूरच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयातून शिकले आणि 1985 च्या सुमारास धारणी तालुक्यातल्या त्या गावात गेले. पहिल्या तपासणीला दोन रुपये, पुन्हा आल्यास एक. लग्नासाठी त्यांनी घातलेल्या अटी महाराष्ट्रभर सांगितल्या जातात: रोज चाळीस किलोमीटर चालायची तयारी, पाच रुपयांचं नोंदणी लग्न, चारशे रुपयांत महिना, आणि वेळ पडली तर दुसऱ्यांसाठी भीक मागण्याची तयारी. स्मिता यांचा नागपुरात होमिओपॅथीचा चालता दवाखाना होता. लग्न करून त्या तो सोडून आल्या. दोघांना 2019 मध्ये पद्मश्री मिळाली.

ही गोष्ट त्यागाची म्हणून सांगितली जाते. मला तिच्यात कामाची गोष्ट जास्त दिसते. बैरागडमध्ये दोन डॉक्टरांना पुरेल एवढं उत्पन्न नव्हतं, पण काम दोघांपेक्षा जास्त होतं. स्फोटात हात गेलेल्या एका रुग्णावर आपण उपचार करू शकलो नाही हे जाणवल्यावर रवींद्र पुन्हा शिकायला गेले आणि एम.डी. होऊन आले. लोक जनावरांचे आणि पिकांचे आजार विचारू लागले, तेव्हा त्यांनी तेही शिकून घेतलं आणि घरची शेती करून दाखवली. पहिलं बाळंतपण बैरागडलाच झालं. बाळ गंभीर आजारी पडलं तरी स्मिता यांनी त्याला मोठ्या शहरात हलवलं नाही. गावातल्या मुलांना जे उपचार मिळतात तेच याला, असं त्यांनी ठरवलं. त्यानंतर गावाने त्यांना डॉक्टर म्हणून मनापासून मानलं. ही जोखीम कुणी कुणाकडून मागू नये असं मला प्रामाणिकपणे वाटतं. पण शहरातला व्यवसाय जसाच्या तसा वर नेता येत नाही, वरच्या गरजेप्रमाणे तो नव्याने शिकावा लागतो, हे त्यांच्या उदाहरणावरून कळतं.

सोलापुरात जन्मलेल्या डॉ. द्वारकानाथ कोटणीसांची कथा सगळ्यांना शाळेपासून पाठ आहे, तरी तिच्याकडे या बाजूने पाहिलं जात नाही. 1938 मध्ये भारतातून पाच डॉक्टर चीनला गेले. चार परतले. कोटणीस उत्तर चीनच्या डोंगराळ भागातल्या लढाईच्या प्रदेशात राहिले आणि 1941 मध्ये बेथून रुग्णालयाचे प्रमुख झाले. ते चिनी भाषा शिकले आणि तिच्यात विद्यार्थ्यांना शस्त्रक्रिया शिकवू लागले. ज्या स्त्रीशी त्यांनी लग्न केलं त्या क्वो छिंगलान तिथेच परिचारिकांना शिकवत होत्या. दोघांचं काम एका गावात होतं आणि भाषा एक होती. 9 डिसेंबर 1942 रोजी, वयाच्या बत्तिसाव्या वर्षी, आजाराने त्यांचा मृत्यू झाला. घरी एक भाषा आणि शाळेत दुसरी बोलत वाढलेल्या आमच्या सीमाभागातल्या मुलांना मी हे मुद्दाम सांगतो, कारण तिसरी भाषा शिकण्याची भीती त्यांना कमी असते. धारणीत कोरकू, जव्हारला वारली आणि कोकणा. रुग्ण किंवा पहिलीतलं पोर ज्या भाषेत बोलतं ती येणाऱ्याला तिथे काम कमी पडत नाही.

लॅपटॉपवर काम करणाऱ्यांबद्दल 2020 नंतर बरंच बोललं गेलं. ज्यांना तसं काम आहे त्यांनी जरूर वर जावं. पण पावसाळ्यात वीज आणि रेंज या दोन्हींची खात्री नसते, आणि तो पगार गावाबाहेरच्या कामाचा असतो. तो थांबला की गावात त्या माणसाचं दुसरं काहीच नसतं. गावातच काम देण्याची एक योजना जपानने 2009 पासून चालवली आहे. ओस पडत चाललेल्या डोंगरी आणि खेडवळ भागात शहरातल्या माणसाला कमाल तीन वर्षांसाठी पगारावर नेमायचं, त्याने त्या गावासाठी काम करायचं, आणि त्या काळात स्वतःचा व्यवसाय उभा करायचा. मुदत संपल्यावर निम्म्याहून अधिक माणसं त्याच परिसरात राहिली. उलट उत्तराखंडने 2017 मध्ये पलायन आयोग नेमला, तेव्हा डोंगर सोडणाऱ्यांपैकी निम्म्या लोकांनी रोजगाराचंच कारण दिलं होतं. बाहेरचा शिक्षक ज्या कारणाने टिकत नाही त्याच कारणाने तिथला मुलगाही उतरून जातो.

आपल्याकडे अवघड क्षेत्रातल्या कर्मचाऱ्याला जे मिळतं ते मुख्यतः लवकर खाली येण्याचा हक्क. त्याच्या जोडीदाराला तिथे रीतसर काम देण्याची सोय नाही, आणि ती करायला नवं खातं काढावं लागत नाही. कनिष्ठ महाविद्यालयात तासिका तत्त्वावरच्या जागा असतात, आरोग्य विभागात कंत्राटी औषधनिर्माते आणि प्रयोगशाळा तंत्रज्ञ घेतले जातात, नगरपालिकेला संगणक आणि हिशेब येणारी माणसं हवी असतात. त्या भागात नेमणुकीवर असलेल्यांच्या पात्र जोडीदारांना यात प्राधान्य द्यावं, मात्र स्थानिक उमेदवार असेल तिथे आधी त्याचा हक्क धरावा. कोकणातल्या डी.एड. झालेल्या मुलांनी बाहेरच्या जिल्ह्यांतून आलेल्यांविरुद्ध आवाज उठवला होता आणि त्यांच्या म्हणण्यात तथ्य होतं. वाद आहे तो भरल्या जाणाऱ्या जागांचा. वर्षानुवर्षं रिकाम्या राहिलेल्या जागांवर कुणाचाच वाद नाही.

जे जायचं ठरवत आहेत त्यांना माझं सांगणं इतकंच. गाव मे महिन्यात बघू नका, जुलैच्या शेवटच्या आठवड्यात बघा, आणि दोघांनी मिळून बघा. आदेश असलेल्याने शाळेत किंवा दवाखान्यात जावं, दुसऱ्याने त्याच दिवशी निवासी शाळा, रुग्णालय, कृषी केंद्र, नगरपालिका आणि पतसंस्था असा स्वतःचा फेरा करावा. पगार विचारण्याआधी क्वार्टर विचारावं, आणि ते ऑक्टोबरातही राहील का, हेही. हॉटेलांचे जीएसटीचे हिशेब कोण करतं, मधाची आणि स्ट्रॉबेरीची तपासणी कुठे होते, दहावीच्या मुलांना इंग्रजी कोण शिकवतं, रक्त तपासायला माणूस किती लांब जातो, हे चहाच्या टपरीवर विचारलं तरी कळतं. यातल्या ज्या प्रश्नाला खालच्या शहराचं नाव उत्तर म्हणून येईल, ते काम त्या डोंगरावर अजून कुणी करत नाही.